सवय कुणाला लागते? : पोटातले जिवाणू आणि प्रतिजैविकांची ऐंशी वर्षं

धाराशिव असो, कळंब असो की उमरगा, दवाखान्याबाहेरच्या बाकावर एक वाक्य हमखास कानावर पडतं. “ही गोळी आता लागू होत नाही. अंगाला तिची सवय झाली.” आजचं व्याख्यान या एका वाक्याबद्दल आहे.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आमची जुनी खोड अशी, की क्रियापद दिसलं की आम्ही कर्ता शोधतो. सवय झाली, मान्य. पण कुणाला झाली? अंगाला? ज्या जंतूनं आजार झाला त्याला? की ज्याचा आजाराशी काही संबंधच नव्हता अशा तिसऱ्याच कुणाला? हा शब्दांचा खेळ वाटेल, पण तसा तो नाही. कर्ता चुकला की दोष चुकीच्या माणसावर जातो आणि उपायही चुकतो. म्हणून गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास आपण या एका प्रश्नाच्या मागे लागून बघणार आहोत.

आधी वस्तीची ओळख करून घेऊ. एका माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. आपल्या स्वतःच्या पेशींची संख्याही साधारण एवढीच आहे. ही वस्ती न पचलेला कोंडा पचवते, काही जीवनसत्त्वं तयार करते, आणि जागा अडवून बसते म्हणून बाहेरच्या उपद्रवी जंतूला पाय रोवता येत नाही. ई. कोलाय नावाचा जिवाणू या वस्तीतला एक किरकोळ रहिवासी, संख्येनं अगदी थोडा. पण आजच्या गोष्टीत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता १९४० सालात जाऊ. ऑक्सफर्डला पेनिसिलिनवर काम चालू होतं. त्या वर्षी मे महिन्यात उंदरांवरचा प्रयोग यशस्वी झाला. पहिल्या रुग्णाला पेनिसिलिन टोचलं ते १९४१ च्या फेब्रुवारीत. या दोन्हींच्या मध्ये, १९४० च्या डिसेंबरात, एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी एक छोटं टिपण छापलं. त्यात म्हटलं होतं, की पेनिसिलिन तोडून निकामी करणारं एक विकर एका जिवाणूत सापडलं आहे. तो जिवाणू कोणता? आतड्यातला, आपला ई. कोलाय. म्हणजे औषध माणसाच्या अंगात जायच्या आधीच त्याचा तोड आपल्या पोटातल्या रहिवाशाकडे होता. मग “वापरून वापरून सवय झाली” हे वाक्य निदान अर्धं तरी डळमळीत होतं. सवयीच्या आधी तोड कसा?

त्याचं उत्तर १९४३ साली मिळालं. साल्व्हाडोर लुरिया हा इटलीतून परागंदा होऊन अमेरिकेत आलेला शास्त्रज्ञ. तो ज्या विद्यापीठात शिकवत होता, तिथल्या एका नाचाच्या कार्यक्रमात त्याचा एक सहकारी पैशाच्या यंत्राशी जुगार खेळत होता. बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम घबाड. लुरियाच्या डोक्यात प्रयोग आला. ई. कोलाय वेगवेगळ्या नळ्यांत वाढवायचा आणि मग प्रत्येक नळीतल्या जिवाणूंना त्यांना मारणाऱ्या विषाणूसमोर उभं करायचं. मारेकरी समोर आल्यावर जिवाणू प्रतिकार शिकत असतील, तर सगळ्या नळ्यांत वाचणाऱ्यांची संख्या साधारण सारखी यायला हवी. पण प्रतिकार आधीच, अपघातानं, कुठेतरी निर्माण झालेला असेल, तर बऱ्याच नळ्यांत शून्य आणि एखाद्या नळीत घबाड लागेल. निकाल घबाडाचा आला. मॅक्स डेलब्रुकनं त्यामागचं गणित मांडलं.

शंकेखोरांना यातही खोट दिसत होती. १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्यानं मखमलीचा तुकडा घेतला. बशीवर वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांवर तो दाबला आणि ठप्पा मारतात तसा दुसऱ्या बशीवर उठवला. या दुसऱ्या बशीत औषध होतं. तिथे जे ठिपके वाचले, त्यांच्या जागा मूळ बशीवर शोधल्या. मूळ बशीनं औषध कधी बघितलंच नव्हतं, तरी प्रतिकार करणारे तिथे हजर होते.

आपल्या घरातला दाखला घ्या. विरजणाच्या भांड्यात काल जे उरलं, त्यावर आजचं दही लागतं. उरलेलं आंबट असेल तर आजचं दही आंबट. दह्यानं आंबटपणा शिकला असं आपण म्हणत नाही. पोटात हेच होतं. गोळीनं बहुतेकांना मारलं, थोडे उरले, आणि उद्याच्या वस्तीचं विरजण तेच झाले. म्हणजे सवय एकट्या जिवाणूला लागत नाही. तो एकतर मरतो किंवा जगतो. बदलते ती वस्ती.

इथवर गोष्ट डार्विनच्या चौकटीत नीट बसते. १९५० च्या दशकात जपानमध्ये मात्र भलतंच दिसू लागलं. तिथे आमांशाच्या साथी यायच्या. आधी सल्फा औषधं चालली, मग स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन आली. थोड्याच वर्षांत आमांशाचा जिवाणू चारही औषधांना एकदम दाद देईना. अपघातानं एक तोड निर्माण होणं समजू शकतं. चार तोड एका वेळी, त्याच जिवाणूत? शक्यतेचं गणितच जमेना. पुढे असंही दिसलं, की एकाच साथीत काही रुग्णांचा जंतू सगळ्या औषधांना बधतो आणि काहींचा एकालाही बधत नाही.

१९५९ साली जपानी संशोधकांनी उलगडा केला. पोटातला निरुपद्रवी ई. कोलाय आमांशाच्या जिवाणूला जवळ घेऊन चारही औषधांच्या तोडांची एक गाठोडी देत होता. जनुकांची ही गाठोडी गोल कड्याच्या आकाराची असते, तिला प्लास्मिड म्हणतात. ती आईकडून लेकीकडे जाते, तशी शेजाऱ्याकडेही जाते, आणि शेजारी परक्या जातीचा असला तरी चालतं. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली हे सगळं इंग्रजीत मांडलं, तेव्हा पाश्चात्त्य जगाला जाग आली.

येरमाळ्याला येडाईच्या यात्रेत काय होतं बघा. कुठकुठची माणसं एका जागी येतात, नवस फेडतात, आणि जाताना शेजारच्याकडून एखादी युक्ती, एखादा पत्ता घेऊन जातात. आतडं म्हणजे बारमाही यात्रा आहे. तिथे दाटी आहे, ऊब आहे, अन्न आहे. आपण गोळी घेतो घशासाठी, पण ती पोटातल्या यात्रेतून जातेच. जो जंतू मारायचा तो घशात, आणि निवड होते ती पोटातल्या हजारो बिनगुन्हेगारांची. मग त्यांनी जमवलेली गाठोडी उद्याच्या गुन्हेगाराला मिळते.

आता आपल्याकडे येऊ. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. परदेशातून येणारं महागडं औषध आता पिंपरीत बनू लागलं, याचं मोल आज सांगूनही कळायचं नाही. न्यूमोनियानं, बाळंतपणातल्या तापानं, पायात काटा मोडून चिघळलेल्या जखमेनं माणसं जात, ती वाचू लागली. प्रतिजैविकांबद्दल आज आपण जे काही टीकेचं बोलू, ते हे ऋण मान्य करूनच बोलायला हवं.

आपल्या भागासाठी जास्त जवळचं उदाहरण विषमज्वराचं. आपले जुने लोक त्याला मुदतीचा ताप म्हणायचे. का? तो आपली तीनेक आठवड्यांची मुदत घेऊनच यायचा. मुदत संपली की ताप उतरायचा, नाहीतर माणूस जायचा. १९४८ साली आपला जिल्हा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला. त्याच वर्षी तिकडे क्वालालंपूरला थिओडोर वुडवर्ड, जोसेफ स्मॅडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषमज्वराच्या रुग्णांना क्लोरॅम्फेनिकॉल दिलं. तीन-चार दिवसांत ताप उतरला. मुदत मोडली!

पुढची चोवीस वर्षं बरी गेली. १९७२ साली केरळात कोझिकोडला साथ आली, आणि जंतू क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देईना. त्याच वर्षी मेक्सिकोत दहा हजारांहून जास्त लोकांना असाच ताप आला. कोझिकोडच्या संशोधकांनी दाखवलं, की हा प्रतिकार एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारा आहे. म्हणजे तीच गाठोडी. १९९० च्या आसपास देशभर विषमज्वराचा जंतू क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल या तिन्ही जुन्या औषधांना बधेनासा झाला. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. तेही बोथट झालं. मग सेफ्ट्रियाक्सोनची सुई आली. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणारा विषमज्वर पसरला. त्याच्यातली गाठोडी तपासली, तेव्हा तिचं साम्य ई. कोलायच्या गाठोडीशी निघालं. १९४० पासून आपण ज्याच्या मागावर आहोत, तोच हा शेजारी.

पण या इतिहासात एक आशेचं पानही आहे. क्लोरॅम्फेनिकॉल मागे पडलं, वर्षानुवर्षं फारसं वापरलं गेलं नाही, आणि भारतातला विषमज्वराचा जंतू पुन्हा मोठ्या प्रमाणावर त्याला बधू लागला. गाठोडी वाहायला जिवाणूला कष्ट पडतात. गरज नसली की ओझं टाकणारे पुढे जातात. म्हणजे वस्ती विसरूही शकते. मात्र ती सावकाश विसरते, आणि तिची पाटी पूर्ण कोरी होत नाही.

मग एकाच पोटावर पुन्हा पुन्हा औषध पडलं तर काय होतं? हे बघायला २०११ साली अमेरिकेत लेस डेथलेफसन आणि डेव्हिड रेलमन यांनी तीन निरोगी माणसांना सिप्रोफ्लॉक्सासिनचे दोन कोर्स दिले, प्रत्येकी पाच दिवसांचे. दहा महिने प्रत्येकाच्या विष्ठेचे पन्नासहून अधिक नमुने तपासले. तीन-चार दिवसांतच वस्तीची विविधता कोसळली. कोर्स संपल्यावर आठवड्याभरात ती परतू लागली. पण परतली ती जशीच्या तशी नाही. दहा महिन्यांच्या शेवटी वस्ती स्थिर होती, पण वेगळी होती, आणि प्रत्येक माणसाची वेगळेपणाची तऱ्हा निराळी होती. स्वीडनमध्ये सात दिवस क्लिंडामायसिन घेतलेल्या लोकांच्या पोटात प्रतिकाराची जनुकं दोन वर्षांनंतरही सापडली. सात दिवसांचं औषध, दोन वर्षांची आठवण!

आणि मोकळ्या झालेल्या जागेचं काय? पेरणी नसलेल्या रानात गाजरगवत माजतं, ते आपण दरवर्षी बघतो. १९५४ पासून शिकागोच्या मार्जोरी बोनहॉफ आणि सी. फिलिप मिलर यांनी उंदरांवर हे पडताळलं. एरवी उंदराला साल्मोनेलाचा संसर्ग व्हायला सुमारे १ लाख जंतू लागायचे. आधी स्ट्रेप्टोमायसिन दिलं, तर दहापेक्षा कमी पुरले. राखण करणारी वस्ती उठवली की शिवारात कुणीही घुसतं.

आतापर्यंत आपण एका पोटाबद्दल बोललो. पण पोटाला कुंपण आहे का? अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी एका शेतावर कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन मिसळलं. १९७६ साली निष्कर्ष छापले. आठवड्याभरात कोंबड्यांच्या पोटातले जवळपास सगळे ई. कोलाय त्या औषधाला बधेनासे झाले. काही महिन्यांत ते इतर औषधांनाही बधेनात, जी खाद्यात नव्हतीच. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही तेच दिसू लागलं. त्या माणसांनी ते औषध घेतलेलं नव्हतं.

आपल्या देशातला दाखला याहून जवळचा. २००९ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी राखीव मानल्या जाणाऱ्या कार्बापेनेम औषधांना न बधणारे आतड्यातल्या जातीचे जिवाणू गोळा केले. तीन महिन्यांत २४ सापडले, त्यातल्या २२ जणांत एनडीएम-१ हे जनुक होतं. २०१० साली हे छापून आलं, आणि जनुकाच्या नावात ‘नवी दिल्ली’ असल्यावरून देशात मोठा वाद झाला. नावावरून भांडण झालं, पण गटारावरून झालं नाही. २०११ साली दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले, त्यांतल्या ५१ मध्ये ते जनुक होतं. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत होतं. म्हणजे आयुष्यात एकही गोळी न घेतलेल्या लेकराच्या पोटात दुसऱ्याच्या गोळ्यांचा इतिहास पाण्यातून पोचू शकतो.

इथे आपला कर्ता सापडतो. सवय लागते ती सामाईक वस्तीला. ती वस्ती माझ्या पोटात आहे, शेजाऱ्याच्या पोटात आहे, गोठ्यात, खुराड्यात, आडात आणि नालीत आहे. रक्तदाबाची गोळी मी घेतली किंवा टाकून दिली, तर तुमची गोळी कमजोर होत नाही. प्रतिजैविक हे असं औषध आहे, की माझ्या वापरानं तुमच्या लेकराचं औषध खर्ची पडतं.

मग दोष कुणाचा? १९४५ साली नोबेल व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंगनं एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. त्यानं घसा दुखतो म्हणून मनानं थोडं पेनिसिलिन घेतलं, जंतू अर्धवट राहिले, ते बायकोला लागले, औषध चाललं नाही आणि ती गेली. दोषी तो गृहस्थ. तेव्हापासून आपण हेच सांगत आलो, की रुग्ण कोर्स अर्धा सोडतो म्हणून हे होतं. क्षयरोगासाठी ते आजही शंभर टक्के खरं आहे, तिथे एक दिवसही चुकवू नये. पण पोटातल्या वस्तीचा इतिहास दुसरी बाजू सांगतो. औषधाचा प्रत्येक जादा दिवस या वस्तीवरचा जादा निवडीचा दिवस असतो. म्हणून आता अनेक साध्या आजारांत डॉक्टर कोर्स कमी दिवसांचे करत आहेत. आपण मनानं गोळी बंद करायची नाही, पण “किती दिवस, आणि गरज आहे का?” हे डॉक्टरांना जरूर विचारायचं.

आपल्या भूम, वाशी, कळंबकडची जोडपी ऊसतोडीला जातात. ताप आला आणि एक खाडा पडला, तर पैसे कापले जातात. त्या माणसानं सुई मागितली आणि दोन गोळ्यांवर तो फडात उभा राहिला, तर तो अडाणी आहे असं म्हणायला आम्ही तयार नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे, त्याला मिळालेले पर्याय चुकीचे आहेत. फ्लेमिंगच्या गोष्टीत फक्त गृहस्थ आणि त्याची बायको होती. मुकादम नव्हता, गढूळ टँकर नव्हता, तपासणीची सोय नसलेला दवाखाना नव्हता.

सरकारनं काही केलं नाही असंही नाही. २०१३ साली औषध नियमांत एच-१ हे परिशिष्ट आलं आणि काही प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवणं दुकानदारावर बंधनकारक झालं. पाकिटावरची उभी लाल रेघ आपण बघितली असेल, ती चिठ्ठीशिवाय गोळी घेऊ नका हे सांगण्यासाठी आहे. २०१९ च्या जुलैत खाद्य-प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली. डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या धोक्यामुळे मागे ठेवलेलं आणि आता शेवटचा उपाय म्हणून जपलेलं हे औषध कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं.

पण आमच्या मते सर्वांत शहाणपणाचं काम २०१८ साली नवी मुंबईत झालं. तिथल्या महापालिकेनं विषमज्वराची नवी लस ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना द्यायला सुरुवात केली. पहिल्याच टप्प्यात १ लाखाहून जास्त मुलांना ती मिळाली. या लसीचा प्रतिजैविकांशी काय संबंध? ताप आलाच नाही, तर गोळी लागत नाही. गोळी लागली नाही, तर वस्तीवर निवड होत नाही. शुद्ध पाण्याचं, बंदिस्त गटाराचं तेच. अमुक कमी करा असं सांगण्यापेक्षा गरजच कमी करणं हा मार्ग लांबचा आहे, पण त्यात ऊसतोड कामगाराला खाडा पडत नाही.

२०१९ या एका वर्षात जगभरात औषधांना न बधणाऱ्या जिवाणूंमुळे थेट गेलेल्या माणसांची संख्या सुमारे १२ लाख ७० हजार असल्याचा अंदाज आहे. आपल्या जिल्ह्यातल्या नवजात बाळांच्या कक्षात आज रात्री एखादं बाळ असेल. पोटातल्या वस्तीचे पहिले रहिवासी त्याला आईकडून आणि त्या खोलीतून मिळत असतील. त्यानं काही खाल्लेलं नाही, कुठला कोर्स अर्धा सोडलेला नाही. त्याला उद्या जंतुसंसर्ग झाला, तर कोणती सुई चालेल हे बरंचसं आपण सगळ्यांनी मिळून आधीच ठरवून ठेवलेलं असेल.

म्हणून पुढच्या वेळी बाकावर कुणी म्हणालं, “अंगाला सवय झाली,” तर वाद घालू नका. एवढंच सांगा, अंगाला नाही हो, गावाला झाली.